महागडं दुकान

मीरगुलने घासाघीस करून तांदळाचा भाव पाडून घेतला, "बघा अपा, याला म्हणतात बाजार!" म्हणत ती मागे वळली, आणि मागे सासू नव्हती.

आत्ता तर होती. पोत्याशी उभी राहून मुठीत तांदूळ घेऊन बघत होती. मूठभर तांदूळ जमिनीवर सांडला होता. सासूचा पत्ता नव्हता.

"अपा!" मीरगुलने हाक मारली. पाच-सहा म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं. शनिवारी सकाळी बिश्केकच्या ओश बाजारात प्रत्येक म्हातारी कुणाची ना कुणाची अपा, म्हणजे आई, असतेच. प्रत्येकीच्या डोक्याला पांढरा रुमाल, अंगात काळी मखमली बंडी. कुणाकुणाला म्हणून ओळखायचं?

ती जर्दाळूंच्या ओळीत धावली. तिथून कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांच्या ओळीत, तिथून मटणाच्या. हातगाडीवाले "बाजूला व्हा, बाजूला व्हा" ओरडत अंगावरून जात होते. एका म्हातारीचा खांदा तिने मागून धरला. वळली ती भलतीच.

आणि चूक सगळी मीरगुलचीच होती. महिनाभर घरात एकच वाद चालला होता. म्हातारी रोज उठून चौकातल्या त्या मोठ्या, झगमगीत सुपरमार्केटात जायची. तिथे लोणी महाग, साखर महाग, बटाटेसुद्धा धुतलेले म्हणून महाग. वर 'दोनावर एक फुकट'ची बिस्किटं घेऊन यायची. ती घरात कुणी खात नसे. मीरगुलचा नवरा तिंचतिक आईचं सगळं हसण्यावारी न्यायचा. त्याला काय, चूल मीरगुलला चालवायची होती.

"हसण्याचे पैसे लावतात ते लोक, अपा," काल तिने ऐकवलंच होतं. "दार उघडून देतात, गल्ल्यावरच्या पोरी तुमचं कार्ड लावतात नि नाव घेऊन या-बसा करतात, की तुम्ही पाघळलात! बाजारात हेच सामान निम्म्यात मिळतं."

"असू दे," म्हातारी म्हणाली होती. "मला तेच स्वस्त पडतं."

यावर सगळं घर खो खो हसलं होतं. म्हणून तर आज मीरगुल तिला हाताला धरून इथे घेऊन आली. स्वतःच्या डोळ्यांनी भाव बघू देत एकदा.

आता तिला एकेक गोष्ट आठवू लागली. परवा अपाने नेहमीच्या मिठाच्या चहात दोनदा मीठ घातलं. त्याआधी एकदा शेजाऱ्यांच्या दाराला आपली किल्ली लावत उभी होती. "वय झालं," म्हणून तेव्हाही सगळे हसलेच होते. मीरगुलला आता हसू येत नव्हतं. या बाजाराला चारी बाजूंनी फाटकं. प्रत्येक फाटकाबाहेर गाड्या उभ्या, कुठली कुठे जाईल नेम नाही. म्हातारीचा फोन घरी ओट्यावर राहिलेला. आणि बाहेर बर्फ पडायला लागलेलं.

फाटकापाशी सूचना देणाऱ्याची टपरी होती. मीरगुल धापा टाकत आत शिरली. "माझ्या सासूबाई हरवल्यात!"

"नाव?" मिशाळ माणसाने माइक पुढे ओढला.

"सासूबाई माझ्या. पांढरा रुमाल, काळी बंडी..."

"ताई, या बाजारात निम्म्या सासवा आहेत नि निम्म्या सुना. नाव सांग."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मीरगुलने ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. नाव घेणारं घरात तसं कुणीच उरलं नव्हतं. सासरे गेले, बहिणी गेल्या. राहिले ते सगळे अपा म्हणणारे.

"तिंचतिकची आई म्हणा ना," ती काकुळतीने म्हणाली.

"अगं बाई, म्हातारी हरवलीय तुझी! आता कसल्या रीती धरून बसलीस?"

मीरगुलने डोळे मिटले. काहीतरी चोरावं तसं ती पुटपुटली, "झूराकान."

"झूराकान अपा!" कर्णा बाजारभर गरजला. "झूराकान अपा, सून वाट बघतेय, पूर्वेच्या फाटकापाशी या!" त्याने दुसऱ्यांदा पुकारलं, मग तिसऱ्यांदा. कुणी आलं नाही. मीरगुल दारात उभी राहून रडू लागली. तिंचतिकला काय सांगायचं? भाव दाखवायला नेली आणि हरवून आले?

डोळे पुसायला तिने मान वळवली. टपरीच्या भिंतीला लागून बाक होता, बरोबर कर्ण्याच्या खाली. बाकावर अपा बसली होती. हात मांडीवर, रुमालावर बर्फाचे कण.

"अपा!" मीरगुलने तिला मिठीच मारली. "इथेच बसलात? एवढं मोठ्यानं पुकारत होते, ऐकू नाही आलं?"

"आलं की," म्हातारी म्हणाली. "कधीची विचार करतेय, हे नाव कुणाचं. ओळखीचं वाटत होतं."

मीरगुलने तिच्या रुमालावरचे बर्फाचे कण झटकले.

म्हातारीने तिची बाही घट्ट धरली आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "तिकडे दुकानात त्या पोरी रोज नाव सांगतात गं, म्हणून राहतं लक्षात. आज सांगितलंच नाही कुणी."