वाढीव वेळेचं दालन

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या वाढीव वेळेच्या दालनात कितीही दिवस राहिलं, तरी बाहेर हातातला चहा निवत नसे. एकच दिवस राहते, असं नवऱ्याला सांगून केतकी अंगावर पिणाऱ्या लेकीसकट आत गेली होती. पण एवढं प्रकरण संपलं की निघू, असं म्हणत म्हणत तिने अख्खा प्रबंधच पुरा केला.

आता तिने दाराबाहेर पाऊल टाकलं. निनाद पायरीवरच चहा फुंकत उभा होता. तिने लेकीला शालीत आणखी गुंडाळलं.

"आलात पण? दे तिला," तो म्हणाला. "ये गं ठमे, बाबाकडे ये."

शार्वी त्याच्याकडे टकामका बघत राहिली. मग तिने भोकाड पसरलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.

"अगं, आत्ता तर माझ्या खांद्यावर झोपली होती." निनाद हसला आणि मध्येच थांबला. रडणाऱ्या त्या तोंडात दोन दात होते.

त्याने वाफाळता कप पायरीवर ठेवला.

"केतकी," तो हळूच म्हणाला, "किती महिने?"