तिसरा अर्थ

आमच्या शब्दकोशातली 'मोरी'ची नोंद मी घरी तपासत होते. बाबांनी चष्मा चढवून ती वाचली.

"अंघोळीची जागा, सांडपाण्याची वाट. आणि रस्त्याखालून पाणी जातं, ती मोरी कुठाय?"

"त्या अर्थाला छापील पुरावा नाही मिळाला, बाबा."

"अगं, रोज तिच्यावरून ऑफिसला जातेस! वाहून गेली असती, तर पेपरात छापून आली असती. पक्की बांधली, हे चुकलंच माझं."

मी हसून कागद आवरले. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवता जेवता, बाबा गेले.

पंधरा दिवसांनी कामावर परतले. मी वाढवलेल्या तिसऱ्या अर्थावर संपादकांनी बोट ठेवलं.

"हा कुठून आणलात? पुरावा?"

"एका जाणकाराने सांगितलाय."

"कोण, इंजिनिअर?"

वडील बांधकाम क्षेत्रात आहेत, एवढंच मी ऑफिसात सांगत आले होते. चांगली नऊ वर्षं.

"नाही सर. पुढच्या वळणावरची मोरी त्यांनी बांधली. तुम्हीही रोज तिच्यावरूनच येता," मी म्हणाले. "माझे बाबा गवंडी होते."