स्वतःच्या पायांनी

लढाईत माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून दरवर्षी गावातल्या सत्काराला चौघं जण मला खुर्चीसकट स्टेजवर चढवायचे, जिन्यातून कपाट चढवावं तसं. यंदा नकली पाय बसवला, पडत-धडपडत चालायला शिकलो. एकदा तरी आईच्या डोळ्यांदेखत त्या पायऱ्या स्वतः चढायच्या होत्या.

चढलो, तेही ऐटीत. एक टाळी पडली नाही.

अध्यक्ष कानाशी पुटपुटले, "अहो, असे तरातरा चालत कशाला आलात? लोकांनी बघायचं काय?"

पहिल्या रांगेतून आई ओरडली, "अरे, पँट वर कर की मेल्या!"

केली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

 

टाळ्या थांबू नयेत म्हणून मी धडधाकट पायाचीही पँट वर केली.