रिकाम्या जागेभोवती

योगेश्वरीकडे पाच कोंबड्या होत्या, कोंबडा एकही नव्हता. तरी सोमवारी सकाळी परसात आरवणं ऐकू आलं. बाहेर येऊन पाहते तर तांबडी कोंबडी मान ताणून आरवत होती.

"कोंबडी आरवली का घराले चांगलं नसते," म्हणत तिच्या नवऱ्याने, भुवनेश्वरने, ती कापली.

मंगळवारी उरलेल्या चारही आरवल्या. मग कोंबडा कोंबडीभोवती फिरतो तशा, एक पंख खाली सोडून, त्या पेरूखालच्या रिकाम्या जागेभोवती फिरू लागल्या. दाणा सापडला की आधी त्या जागेपुढे टाकत.

बुधवारी तीच फेरी विहिरीपाशी होती. गुरुवारी उंबऱ्याशी.

"अवो, ते घराकडं सरकून राहिलं," योगेश्वरी म्हणाली.

"कायले भिऊन राहिली व? उद्या चारही कापतो."

शुक्रवारी सकाळी तो सुरीला धार लावायला गेला. योगेश्वरी चुलीपुढे तांदूळ निवडत बसली होती. चारही कोंबड्या आत आल्या. तिने हाकललं, पण त्या पंख सोडून तिच्याभोवतीच फिरू लागल्या. सगळ्यांची नजर तिच्या मांडीवर होती.

तिने खाली पाहिलं. मांडी रिकामी होती. पण साडी मधोमध दबली होती, आणि काहीतरी ऊबदार तिथे हळूहळू अंग फुलवून बसत होतं.