पालथा तवा

“तवा कुठाय?” बनाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. एक पाय आत, एक बाहेर.

हाफिजानं कोपऱ्याकडं बोट केलं. तवा पालथा घातलेला होता.

“आणि विळी?”

“माळ्यावर टाकलीया, मावशी.”

“बरं.” बनाबाईंनी दुसरा पाय आत घेतला. मागं उभी असलेली त्यांची सून बयाबाई हाफिजाकडं बघून गालात हसली.

ईद परवाच झाली होती. पण श्रावण लागलेला. म्हणून हाफिजानं मैत्रिणींना ईदचं जेवण नागपंचमीला घालायचं ठरवलं, त्यांच्याच रीतीनं. ती आणि बयाबाई भिंतीला भिंत लागून राहायच्या. पंचगंगेवर धुण्याला जाताना एकीचं पोर दुसरीच्या कडेवर असायचं. बनाबाईंनी मात्र हाफिजाच्या, म्हणजे पिंजाऱ्याच्या, घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं. त्या म्हणायच्या, “राजवाड्यातले महाराज बसत असतील कुणाच्याबी पंगतीला. मी काय महाराज हाय व्हय?” बयाबाईनं डोकं खाल्लं, तेव्हा कुठं त्या आज आल्या.

पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. तवा म्हणजे नागाचा फणा. हाफिजानं सगळं पाळलं. कुंभाराकडची नवी मडकी आणली. माठाची भाजी हातानं मोडली. पुरणाची दिंडं वाफेवर उकडली. केळीचं पान कापावं लागतं म्हणून पळसाच्या पत्रावळी मांडल्या.

“अगं, आमच्यापेक्षा तूच जास्त पाळतीस की!” समोरच्या घरातली तानाबाई म्हणाली. “पुढच्या साली मी तुलाच इचारून सण करीन.”

सगळ्या हसल्या. बनाबाई नाही हसल्या. त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावणार नव्हतं. आणि आज त्या जेवल्या नाहीत, तर बयाबाईला पुन्हा या घरात पाऊल टाकायची सोय उरणार नव्हती. हाफिजा वाढत होती, पण डोळे बनाबाईंच्या हातावर होते.

तो हात दिंडाकडं निघाला, आणि रफिकनं गळा काढला.

“अम्मा, भाकली!”

दोन वर्षांचं पोर. तापातून नुकतं उठलेलं. कितीक दिवसांनी आज त्यानं तोंडानं काही मागितलं होतं. आणि त्याची एक खोड होती. तव्यावर भाकरी टम्म फुगलेली बघायची, टाळ्या पिटायच्या, मगच तोंड उघडायचं. कालची भाकरी त्यानं सकाळीच कोंबडीला घातली. खीर थुकली. खासबागेत कुस्त्या बघायला जाताना त्याचा बाप, लालासाब, म्हणालाही होता, “टाक की एक. कुणाला कळतंय?” हाफिजाचा हात तव्यापर्यंत जाऊन परत आला होता.

“का रडतंय पोरगं?” बनाबाईंनी विचारलं.

हाफिजानं सांगितलं.

बनाबाईंनी रफिककडं बघितलं. गळ्याची हाडं वर आलेली. मग तव्याकडं बघितलं. पत्रावळीवरचा हात त्यांनी मागं घेतला.

“पोरगं उपाशी रडतंय, आणि मी गिळू व्हय?” त्या उठल्याच.

“आत्ती, बसा की!” बयाबाई कळवळली.

“मावशी, टाकू का एक?” हाफिजा तव्याकडं धावली.

“हात लावू नगंस तव्याला!” बनाबाई कडाडल्या, आणि बाहेर पडल्या.

दिंडांची वाफ विरत चालली. तानाबाईनं उसासा टाकला. “गेली म्हातारी. निमित्तच बघत हुती.” बयाबाई मान खाली घालून पत्रावळीची काडी मोडत बसली. हाफिजानं रफिकला छातीशी धरलं. आता तिला कशाचीच भूक उरली नव्हती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. थप्. थप्. थप्.

बयाबाईनं मान वर केली. लग्न होऊन सासरी आल्यापासून पंचमीला हा आवाज तिनं ऐकला नव्हता.

“ए हाफिजा!” भिंतीआडून हाक आली. बनाबाईंच्या तोंडून हे नाव आज पहिल्यांदाच निघत होतं. “तव्याचं पाप लागलं तर माझ्या चुलीला लागू दे. तू माझं पान झाकून ठिव. आणि पोराला आत चुलीपाशी धाड लवकर, फुगायला लागली बघ!”