सशाच्या छातीतले ठोके

डॉक्टर प्रतिमा बंगळुरूच्या एका औषध संशोधन संस्थेत प्रयोगाचे प्राणी तपासत. १९९४ सालच्या त्या सकाळी प्राण्यांची देखभाल करणारे नागोजी आठ दिवसांच्या आजारपणानंतर कामावर आले होते. स्वतः बाटलीनं दूध पाजून वाढवलेला ससा त्यांनी तपासणीच्या टेबलावर धरला.

प्रतिमांनी स्टेथोस्कोप लावला आणि त्या चपापल्या. सशाचं काळीज मिनिटाला दोनशेच्या वर धडधडतं. याचे ठोके माणसासारखे संथ पडत होते.

"नागोजीअण्णा, याला काय झालंय?"

"तो सरी आहे, ठीक आहे अक्का. मलाच स्वल्प दम लागतोय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्टेथोस्कोप तसाच ठेवून प्रतिमांनी दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. नाडी आणि कानातले ठोके एकदम पडत होते. मध्येच एक ठोका चुकला. तो दोन्हीकडे चुकला.

ससा नाक हलवायचा थांबला होता. तो नागोजींकडे टक लावून पाहत होता.

मग बोटांखालची नाडी थांबली. प्रतिमांनी मनगट घट्ट दाबून पाहिलं. काहीच लागेना. कानातले ठोके मात्र संथ, ठणठणीत चालूच होते.

"सोडा अक्का," नागोजी हसून म्हणाले, "आता बरं वाटतंय."