शिंगाचं वय

हार्लन एबर्लीने अख्खा हिवाळा एका शिंगापायी घालवला. बंदुकीची दारू ठेवायचं, जुन्या शिकाऱ्यांच्या खांद्याला असायचं तसं. बैलाचं शिंग उकळलं, खरवडलं, त्यावर नदी, किल्ला आणि हरणांचा कळप कोरला, अक्रोडाच्या सालीच्या रंगात मुरवलं. वसंत येईतो त्याची बोटं सरळ होईनाशी झाली होती.

लँकेस्टरला शिंग बनवणाऱ्यांच्या मेळाव्यात तरुण परीक्षकाने ते भिंगाखाली धरलं आणि स्पर्धेच्या टेबलावरून बाजूला काढून ठेवलं.

"काका, स्पर्धा नव्या शिंगांची आहे. हे तर अडीचशे वर्षांचं! खापरपणजोबांच्या कामावर बक्षीस मागायला आलात होय?"

आजूबाजूचे हसले. हार्लनच्या बायकोने, व्हर्नाने, त्याला कोपराने ढोसलं.

"अहो, गप्प काय बसलात? सांगा ना, तुम्हीच केलंय म्हणून!"

हार्लनने सावकाश उठून शिंग फडक्यात गुंडाळलं. फार दमला होता तो.



"चल गं घरी," तो म्हणाला. "पंचवीस मेळावे झाले, बक्षीस मिळालं ते आज."